कढीपत्त्याच्या कुंडीतला साप

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००६ चा जून. आम्ही तेव्हा ॲरिझोनात, चँडलरला राहायचो. नवरा समीर चिप डिझाइनमध्ये, मी घरी, आणि तीन वर्षांची ईरा. दुपारी पॅटिओचं दार उघडं दिसलं. बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि ईरा कढीपत्त्याच्या कुंडीत हात घालून बसलेली.

"आई, इट्स सो कोल्ड!"

फांदीला साप होता! तपकिरी, त्रिकोणी डोक्याचा. ती चक्क त्याच्या पाठीवरून बोट फिरवत होती. तिला कशी ओढली, मला आठवत नाही.

समीर धावत घरी आला, त्याने फोटो काढले. साप पकडायला बोलावलेला अग्निशामक दलाचा माणूस "रॅटलस्नेक" म्हणाला. पण शेपटीला खुळखुळा कुठे होता? आमच्या सावंतवाडीकडे झाडावर चापडा नावाचा विषारी साप असतो, मला तसलंच काहीतरी वाटलं. त्या माणसाने साप चिमट्याने बादलीत टाकला, झाकण घट्ट फिरवलं आणि बादली सर्पमित्रांच्या केंद्रात नेली.

ईराच्या बोटावर दोन बारीक ठिपके होते. आम्ही इमर्जन्सीत पळालो. डॉक्टर म्हणाले, विष अंगात गेलेलं नाही, काळजी नको.

परतताना गाडीत केंद्रातल्या बाईंचा फोन आला. समीरने फोटो त्यांना ईमेल केले होते.

"हा पिट व्हायपर जातीचा विषारी साप फक्त अंदमानच्या बेटांवर सापडतो. तुम्ही आणलात?"

"आम्ही अंदमान पाहिलंसुद्धा नाही," समीर म्हणाला.

"मग साप कुठे आहे? झाकण आम्हीच उघडलं. आत फक्त ओला पालापाचोळा आहे... आणि काळी, चिखलासारखी माती."

चँडलरला कित्येक महिने पाऊस नव्हता.

मागच्या कार सीटमधून ईरा म्हणाली, "आई, टू होते. एक माझ्या रूममध्ये झोपलाय."

समीरने गाडी तिथूनच मित्राच्या घरी वळवली. दुसऱ्या दिवशी माणसं बोलावून घर कानाकोपऱ्यासकट तपासलं — काही नाही. तरी त्या घरात आम्ही पुन्हा राहिलो नाही.

कुणाचा चोरून पाळलेला साप सुटला असेल, असं लोक म्हणतात. मानलं. पण बंद बादलीतून तो गेला कुठे, आणि ती माती आली कुठून?

ईरा आता मोठी झालीय, तिला यातलं काही आठवत नाही. फक्त नव्या खोलीत ती कधी पहिली शिरत नाही. दारातच थांबते.

"का गं?" विचारलं तर म्हणते, "माहीत नाही, आई."

मलाही माहीत नाही.