नवीनची सव्वा मूठ

देवपुरात आमच्या इंदिराकाकूइतकी तोंडाळ बाई शोधून सापडायची नाही. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याला जे रोट करतात, त्यांचे गहू मोजायचा मान तिचा. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या वाट्याचे सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, ही आमची रीत. काकू नावाबरोबर ज्याची त्याची फजितीही सांगायची. पितांबरनानांचं नाव आलं की ते स्वतःच्या वरातीत घोड्यावरून पडलेच म्हणून समजा. हे ऐकायला मी दोंडाईच्याहून धावत यायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलानं, नवीननं, आत्महत्या केली. गेल्या साली रोट झालेच नाहीत. घरात त्याचं नावही कुणी काढेना. काकूला जपतोय असं आम्ही म्हणायचो. मी तर सगळ्यात भित्रा.

यंदा काकूनं मुकाट्यानं गहू मोजले. नावं झाली, गोष्ट एकही नाही. शेवटच्या नावानंतर तिचा हात सवयीनं पुन्हा गव्हात गेला आणि तोंडातून निघालं, "नवीन."

घरातल्या थोरल्या सुंदरबाई हळूच म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं धान्य घेत नाहीत. काकूनं ते परत ठेवलं. मग आमच्याकडे बघत राहिली.

"दोन वरीस व्हयी ग्यात, त्यानं नाव कोनी लेत नही. मना पोऱ्या व्हताच नही का?"

मी सांगून टाकलं. अकरावीत कॉलेजच्या गॅदरिंगला नवीन काकूचं नवं लुगडं नेसून नाटकात उभा राहिला होता. हुबेहूब काकू, शिव्यांसकट. बक्षीस मिळालं, पण लुगडं फाटलं. घरी आल्यावर आळ उंदरावर.

काकू आधी थक्क झाली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. त्या उंदरासाठी तिनं वर्षभर मांजर पाळलं होतं. मेलेल्या पोराचं तिला आज काही नवं कळलं होतं.

तिला हसताना बघून माझा बांध फुटला. तो गेला त्या दिवशी मला नवीनचा फोन आला होता, मी उचलला नव्हता. तेही सांगितलं.

काकूनं माझा हात धरला. "मीबी त्याले काही इचारं नही रे, बेटा." मग डोळे पुसून म्हणाली, "आते सांग, नाटकमा तो कसा बोलना?"

मी उठलो, डोक्यावरून टॉवेल घेतला, आणि काकूच्याच आवाजात काकूला शिव्या घालायला लागलो.