दुसरी साक्ष

आमच्या अख्ख्या रायपुरात सगळ्यात महाग वस्तू कोणती असेल, तर माझ्या मावसाजींचा विश्वास. माझ्या जन्माची बातमीसुद्धा त्यांनी म्हणे दवाखान्यात दोघांना विचारून पक्की केली होती. "एकाचं आयकाचं नाही, दोन साक्षी पायजे," हा त्यांचा नेम. सदर बाजारात मावशीला अंगठी घेतली, की समोरच्या सोनाराकडे तपासणी. दोघांचं एकमत झालं, तर दोघं एकमेकांना मिळालेले. तेलीबांध्याच्या तलावावर कोणी "पाऊस येईल" म्हणालं, की याचं छत्र्यांचं दुकान तर नाही, असा चेहरा करून ते त्याच्याकडे बघत.

या संशयाचा सर्वांत जुना खटला मात्र घरातच होता. मावशीचं लहानपण ओडिशाच्या किनाऱ्यावर गेलं. आजोबा तिथे रेल्वेत होते. ती सांगायची, तिथल्या गावाने कासवांची अंडी विकणं सोडून ती राखायला घेतली, तेव्हा कुंपणाची पहिली काठी शाळेतल्या मुलींनी रोवली आणि त्यांत ती होती. माझी आई तेव्हा जन्मायची होती, त्यामुळे दुसरी साक्ष कुठून आणणार? "मच्छीवाले हातची अंडी सोडतेत काय? फेकून राहिली तू," मावसाजी म्हणत. मावशी रुसून म्हणे, "एकदा चला नं, दाखवतो." ते जाणं काही झालं नाही, आणि मागच्या वर्षी मावशी गेली.

थंडीत मावसाजी आपणहून म्हणाले, "पोट्ट्या, तिकीट काढ. खरं का खोटं, पाहूनच येऊ."

किनारा आता सरकारी संरक्षणात आहे. तिथे काय काय पहिल्यांदा घडलं, त्याचे फलक वाळूच्या कडेने लावलेत. मावसाजी प्रत्येक फलकाशी भांडले. इथे जहाज बुडालं? "कोनं पाह्यलं?" इथे पहिला दिवा लागला? "तेल कोनं भरलं?" सोबतचा पहारेकरी पार कावून गेला.

शेवटच्या फलकावर लिहिलं होतं, की गावाने कासवांची अंडी पहिल्यांदा इथे राखली आणि पहिली काठी शाळेतल्या मुलींनी रोवली. मावसाजींनी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहारेकऱ्याने धास्तावून विचारलं, "बाबूजी, इस पे भी शक है?"

"बोर्डाचं काय, कोनी बी लिहिते," मावसाजी माझ्याकडे वळून म्हणाले. "एकट्या बोर्डाचं मी मानलंच नसतं. पन तुही मावशी बी हेच सांगे नं."

त्यांनी फलकामागच्या कुंपणाच्या काठीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "आता हे तिले कोन सांगन?"