वज्रेश्वरीच्या कुंडाची तिसरी पायरी

देवीवर माझा विश्वास होता, पण स्वतःवर त्याहून जास्त. घर, शेत, सासूबाईंचं आजारपण, सगळं मी एकटीने निभावलं होतं. त्यामुळे माझी मुलगी प्राची विमान चालवायला शिकताना जखमी झाली, तेव्हाही काय करायचं ते मीच ठरवलं.

उतरताना तिचं छोटं विमान धावपट्टीवर जोरात आपटलं, उसळलं आणि पुन्हा आपटलं. चाक मोडलं; ती मात्र आपल्या पायांनी बाहेर आली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पाठीचा एक्स-रे काढायला सांगितलं. मी तिला भिवंडीला घरी आणलं आणि म्हटलं, एक्स-रे उद्या, आधी वज्रेश्वरी. आमच्याकडे कंबर धरली की गरम कुंडात बसायचं, ही रीतच आहे.

"आई, विमान आपटलंय. मी काय भाताची गोणी उचलली न्हाय," प्राची कण्हत म्हणाली.

"गप. पाण्यात बसलीस की मोकळी होशील."

कुंडाच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली. पाय जड झालेत, म्हणाली. मी दंड धरून ओढणार, तेवढ्यात मागून बुरखा घातलेली एक बाई ओरडली, "ताई, रुको! हात सोडा तिचा!" तिने वाकून प्राचीच्या पोटरीला चिमटा काढला. प्राचीला कळलंच नाही. "माझा नवरा लूमच्या कारखान्यात माळ्यावरून पडला, तेव्हा आम्ही त्याला उचलून बसवला. आठ वर्षं झाली, अजून उठला नाही." शेजारच्या दुकानाची फळी तिनेच मागून आणली, प्राचीला त्या फळीवर सरळ झोपवलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बसली. मी नुसती उभी होते.

मणका मोडला होता. हाडाचा तुकडा मज्जारज्जूपर्यंत गेला होता. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, पाण्यात उतरवली असती तर पायांत काहीच उरलं नसतं. ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही. माझ्याच हाताने मी तिला तिथवर नेलं होतं.

त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. नंतर दोनदा कुंडावर गेले, भेटली नाही. तिला कोणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही.

आज तीन महिने झाले. प्राचीच्या उजव्या पायाचा अंगठा हलतो, डावा हलत नाही. कदाचित कधीच हलणार नाही. आता मी देवीला काय करायचं ते सांगत नाही. सकाळी प्राचीचे पाय पुसते, मग त्या बाईच्या न पाहिलेल्या नवऱ्यासाठी हात जोडते, आणि डाव्या पायाचं देवीवर सोडते.