घर दाखवायला मामा

धाराशिवात भाड्यानं घर मिळत नाही असं कुणी म्हणू नये. पाट्या गल्लोगल्ली लटकत असतात. तरी मी महिनाभर बँक सुटली की स्कुटीवर मागं अण्णांना घेऊन, मामांच्या मोटारसायकलच्या मागं मागं लोकांची घरं बघत हिंडत होते आणि रोज हात हलवत परत येत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी काही महिने तरी दवाखान्याजवळ राहायला बजावलं होतं. मी राहायचे ते लेडीज होस्टेल, तिथं पुरुष माणूस चालत नाही. म्हणून ते तात्पुरते मामांकडं उतरलेले. आई गेल्यापासून सास्तूरच्या घरात ते एकटेच. तिथं पुन्हा छातीत दुखलं तर शेजाऱ्याची जीप निघेपर्यंत काय होईल, या विचारानं माझी झोप उडाली होती. आणि अण्णांचं एकच पालुपद, "घर मिळना तर जातो मी गावाकडं."

मी एजंटाचं नाव काढलं की मामा भडकायचे. "आपल्याच जिल्ह्यात एजंट? गल्लीगल्लीत पाव्हणे हायती आपले. लोक हसतील की!"

पाव्हणे होते, नाही असं नाही. मामांच्या व्याह्यांचे साडू, मामींच्या माहेरचं कुणीतरी, साखर वाटल्यासारखे शहरभर पसरलेले. आणि मामांची पद्धत ठरलेली. उंबऱ्यात चपला काढता काढताच ते सांगायचे, "हे आमचे दाजी. सास्तूरचे. भूकंपातनं वाचलेला माणूस हाय." त्यांना वाटायचं, यापेक्षा मोठी शिफारस ती कुठली?

झालं. घरमालक सरसावून बसायचा. विसर्जनाच्या त्या रात्री आपण कुठं झोपलो होतो, मांडणीवरची भांडी कशी वाजली, सगळं साग्रसंगीत. मग हमखास प्रश्न यायचा, "तुमच्या घरातलं कोण गेलं?"

"पोरगा. थोरला." अण्णा खाली बघत सांगायचे. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

"केवढा होता?"

"साळंत घातला होता नुकता."

मग चुकचुकणं, मग चहा, आणि चहा संपता संपता मामा हळूच म्हणायचे, "भाड्याचं जरा बघा." भाडं खरोखर उतरायचं. मामा माझ्याकडं बघून भुवया उडवायचे.

आणि बाहेर आलं की अण्णा म्हणायचे, "नगं."

एका घराच्या पाण्याला वास येत होता. एकाचा जिना खडा होता. एकाचं दार दक्षिणेला होतं, आणि आमच्या सात पिढ्यांत कुणी दिशा बघितली नव्हती! दवाखान्याला लागून, तळमजल्याचं, पुढं अंगण असलेलं घर मिळालं, तर म्हणे तिथं डास असतील. मी कपाळावर हात मारून घेतला. स्लॅबखाली झोपायची भीती म्हणावी, तर सास्तूरचं पुनर्वसनातलं घरही स्लॅबचंच होतं. शेवटी भर रस्त्यात माझा तोल गेला. "अण्णा, तुम्हाला जगायचंय का नाही?" मामा म्हणाले, "उद्या तुळजापूर रोडला एक बघू, तिथं आपले पाव्हणेच हायती."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मामांना न सांगता एका पाटीवरचा नंबर फिरवून अण्णांना तिथं घेऊन गेले.

एजंट गाडीवरून उतरला तो फोन कानाला लावूनच. कमिशन एक महिन्याचं भाडं, घरमालक पुण्याला, बाकी भानगड नाही, असं एका दमात सांगून त्यानं कुलूप काढलं. घर पहिल्या मजल्यावर. नळ गळका, स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागणार, आणि भाडं मामांच्या कुठल्याही पाव्हण्यापेक्षा जास्त. असल्या घरासाठी याला वर कमिशन द्यायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"किती माणसं?" त्यानं अण्णांना विचारलं.

"दोघं."

"गाडी?"

"एक."

"नॉनव्हेज?"

"कवातरी."

"चालतंय." एवढं बोलून तो गॅलरीत गेला आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "हे घे."

मी अक्षरशः ओरडले. "हे? चांगली चांगली घरं नाकारलीत आणि हे? काय बघितलंत याच्यात?"

"ह्यानं काय इचारलं न्हाय," अण्णा म्हणाले. "तिकडं पत्येक घरात पोराला पुन्यांदा मातीतनं काढाया लागायचं. आता न्हाय व्हत माझ्यानं, बाई."