चिंचेनं घासलेला पैसा

धरणाच्या पाण्याखाली गाव जायच्या आधी लोकांनी घरं उकलली. छपराचे कवेलू नेले, दारं नेली. घनश्यामनं उंबऱ्याखालचे पैसे वेचले. घर बांधताना तिथं नाणं पुरायची आपली रीत. निघताना ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. नव्या वस्तीत आल्यावरही तो पवनीकडच्या पडक्या भिंतींतून, धानाच्या नांगरलेल्या बांध्यांतून जुनी नाणी आणत राहिला. नाणं मुठीत धरायचा, डोळे मिटायचा आणि ते ज्या हातांतून आलं त्या हातांचं सांगायचा. माझ्या आजोबाचं वाकडं बोट त्यानं असंच सांगितलं. मी समोर बसलो होतो.

नियम एकच, नाणं धुवायचं नाही. नदीतलं तर तो उचलतच नसे. "पाणी हात पुसून नेते," म्हणायचा. आणि म्हणायचा, धनी जिवंत असला तर पैसा मुठीत गरम होतो.

त्याचा मुलगा प्रितम तेलंगणात कामाला गेला. फोन बंद झाला. ठेकेदार म्हणाला, मधेच कुठंतरी निघून गेला. प्रितमच्या करदोड्यातला भोकाचा पैसा तेवढा घरी राहिला होता.

"लोकायच्या मेलेल्या आज्याचं सांगता, अन् आपल्या पोराचं सांगाले जीभ काहून अडते?" त्याची बायको ललिताबाई विचारायची.

"उद्या पाहू."

"तुमचा उद्या धरणात बुडाला जी."

त्याला भीती वाटायची. शेवटी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो हो म्हणाला. ललिताबाईनं पैसा ताटातून आणला. पैसा लखलखत होता.

"हे काय केलं वो?"

"चिंचेनं घासला. लक्ष्मीपुढं मळका पैसा ठेवू काय?"

घनश्यामनं पैसा उचलला. त्यानं मूठ मिटली. पायरीवरचा दिवा तेल संपून विझला, तरी मूठ उघडली नाही. पैसा गारच होता. पोरगं गेलं म्हणून गार, की चिंचेनं त्याचे हात धुऊन नेले म्हणून, हे आता कोण सांगणार?

"काय दिसून राहिलं?"

"काईच नाई."

त्यानंतर त्यानं नाणी सोडली. कोणी आणलं तर न शिवता परत करतो. ललिताबाईनं मात्र तो पैसा पदराच्या गाठीत बांधला. काम करताना, वाट पाहताना बोटं तिथंच.

परवा तिनं तो पुन्हा नवऱ्याच्या हातात दिला. मूठ मिटताच त्याचा चेहरा बदलला.

"गरम आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"मंग? कोठी आहे तो?"

"तो नाई," घनश्याम म्हणाला. "तू आहे. दारात बसून आहे."