इन्साफ गप्प बसते तेव्हा

आमची मुकादम इन्साफ शिव्या द्यायची, आणि त्या आम्हाला हव्या असायच्या. दमनहूरबाहेरच्या माणसाला हे पटवणं कठीण आहे, तरी सांगते.

शर्टांचा कारखाना. कॉलरवर चौदाजणी, आणि टोकाच्या टेबलावर इस्त्रीवाली मी, अतियात. इन्साफ तिथं चोवीस वर्षं. कसबी कारागिराला म्हणतात तसं आम्ही तिला 'उस्ता' म्हणायचो. नवी पोर चांगली कॉलर शिवून आणायची, तर उस्ता ती उलटीपालटी करून टेबलावर फेकायची. "ही कॉलर आहे की शेळीनं चघळलेलं फडकं? जा, अजून शंभर आण." पोर रडायची. दोन आठवड्यांनी तिला कळायचं की आपण तेव्हाच पास झालो होतो. कारण खरंच बिघडलं की उस्ता तोंडच उघडायची नाही. स्टूल ओढून शेजारी बसायची, एक टाका स्वतः उसवायची, पुढचा तुम्हाला उसवायला लावायची. अशी अर्धा तास गप्प बसली की दरदरून घाम फुटायचा. तीच चूक पुन्हा करायची मग कुणाची छाती नव्हती.

अशात कैरोहून नवे मॅनेजर आले, इहाब बे, म्हणजे इहाबसाहेब. वय तीस, बूट टोकदार, आणि माणसं कशी सांभाळावीत याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग नुकतंच घेतलेलं. पहिल्याच शनिवारी फाटकाशी फळा लागला. त्यावर आमच्या नज्लाचा हातभर फोटो आणि खाली, 'सर्वोत्तम कामगार, दिवसाला चारशे दहा कॉलर.'

बस, एवढंच. 'माशाल्ला' नाही, निळा मणी नाही, काही नाही. तीन पाळ्यांतली माणसं तिथून जाणार-येणार, आणि पोर अशी उघड्यावर टांगलेली, दृष्ट लावून घ्यायला. तिचं लग्न दीड महिन्यावर आलेलं.

"बे, निदान माशाल्ला तरी लिहा," उस्ता म्हणाली.

"हे कामाचं ठिकाण आहे, उस्ता. इथं असल्या खुळचट समजुती नकोत," इहाब बे म्हणाले. त्यांच्या गाडीच्या आरशाला मुठीएवढा निळा मणी लटकत होता, पण तो म्हणे आईनं बांधलेला.

दुपारी नज्लाच्या बोटातून सुई आरपार गेली. दुसऱ्या आठवड्यात फोटो नादराचा लागला, तर ती ताप आला म्हणून घरीच बसली. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकीचा एक डोळा शेजारणीच्या गठ्ठ्यावर, आपला गठ्ठा तिच्याहून मोठा होता कामा नये. पहिलं न येण्याची अशी शर्यत मी जन्मात पाहिली नव्हती. काम निम्म्यावर आलं. मला तर बसून निवांत फूल नावाची उसळ आणि भाकरी खायला वेळ मिळायला लागला.

इहाब बेंनी रोगाचं मूळ शोधलं, उस्ताची जीभ. शनिवारी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुमच्या शिव्यांनी बायका खचल्यात. गुरुवारपर्यंत वीस हजार कॉलर द्यायच्यात. शिव्या बंद, कौतुक करा. नाहीतर पुढच्या शनिवारपासून तुम्ही तळघरात, खोकी बांधायला." चूक एकांतात सांगावी असं त्यांच्याच ट्रेनिंगच्या वहीत लिहिलेलं होतं. ते पान बहुतेक चिकटलं असावं.

उस्ताचा चेहरा पांढराफटक पडला. तळघरात शिकवायला कुणी नाही, नुसते पुठ्ठे आणि दोरी. या बाईनं दोनशे पोरींच्या हाताला वळण लावलं, तिनं काय दोरीशी बोलायचं? 

तरी तिनं प्रयत्न केला. नज्लापाशी जाऊन घसा खाकरला. "छान शिवलंस हो, बाळ. गुणाचे हात आहेत तुझे."

नज्लानं मशीन थांबवलं आणि हुंदकाच दिला. "उस्ता, मला कामावरून काढताय का?"

"घ्या," उस्ता मला म्हणाली, "हे तुमच्या बेंचं औषध."

रविवारी सकाळी आलो तर फळ्यावर उस्ताच. ओळखपत्रावरचा जुना फोटो, चोर पकडल्यासारखा. खाली खडूनं लिहिलेलं, 'इन्साफ अब्दुलमक्सूद, वीस हजार.' माशाल्ला तिनंही लिहिलं नव्हतं. मुद्दामच.

"उस्ता, हे काय करून बसलात?" मी म्हणाले.

"लागू दे काय दृष्ट लागायची ती. तीस वर्षं त्या नवऱ्याशी संसार केला, आता आणखी काय वाईट व्हायचंय?" मग लाइनीकडे वळून म्हणाली, "शिवा गं टवळ्यांनो. आता तुमच्याकडे कोण कुत्रं बघत नाही."

शिवी ऐकली आणि चौदा मशीनं एकदम सुरू झाली. मला पाणी प्यायला उसंत उरली नाही. बुधवारी उस्ताचा गाल टम्म सुजला. दाढ आहे, ती म्हणाली. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि मान खाली घालून शिवत राहिलो. गुरुवारी चार वाजता वीस हजारांवर एकशे साठ कॉलर झाल्या होत्या.

इहाब बे टाळ्या वाजवत आले. "बघितलंत उस्ता? कौतुकानं काय होतं ते?"

आता ही फाडून खाणार, म्हणून आम्ही कान टवकारले. उस्ता एक अक्षर बोलली नाही. मेकॅनिककडून पेचकस घेतला, बेंचं मनगट धरलं आणि त्यांना फाटकाशी नेलं. फळ्याचा एक स्क्रू स्वतः काढला, मग पेचकस त्यांच्या हातात दिला.

"पण का?" बेंनी विचारलं. ती सुजल्या गालानं दुसऱ्या स्क्रूकडे बघत राहिली. बेंच्या कपाळावर घाम आला. दोन स्क्रू तिनं काढले, दोन त्यांनी.

शनिवारी खोक्यांचा विषय निघाला नाही. बे नवं वेळापत्रक घेऊन आले. त्यात नज्लाची लग्नाची रजा त्यांनी आपणहून धरली होती. उस्तानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि टेबलावर भिरकावला. "हे वेळापत्रक आहे की कोंबडीनं पाय पुसलेत?"

बेंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मिठाई मागवा, बे," मी इस्त्री फिरवत म्हणाले. "पास झालात."