लपवलेला रविवार

"शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. सकाळी दाराखाली रघुनंदनच्या मुलीच्या साखरपुड्याची पत्रिका. उद्या रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये."

डायरीत एवढं लिहून वसुमतीबाईंनी पेन खाली ठेवलं. जे. पी. नगरच्या त्या इमारतीचा रघुनंदन सेक्रेटरी. सप्टेंबरात यजमानांच्या वर्षश्राद्धाला निपाणीहून चाळीस माणसं येणार म्हणून त्यांनी रविवारी हॉल मागितला होता. "साइटवर बघा अक्का, रविवार नाहीच. समितीचा ठराव आहे," तो म्हणाला होता. खरंच, बुकिंगच्या कॅलेंडरात शनिवारनंतर थेट सोमवार येई. माणसं जिन्यात पानं मांडून जेवली. थोरल्या नणंदबाई तशाच, न जेवता परतल्या.

वसुमतीबाई पत्रिका घेऊन वरच्या मजल्यावरच्या नीलिमाकडे गेल्या. ती कोरमंगलात वेबसाइट बनवायचं काम करी. तिने लॅपटॉपवर बाईंच्या नावाने सोसायटीची साइट उघडली आणि ती हसलीच.

"आजी, रविवारचा कॉलम नुसता लपवलाय. बंद करायला विसरलेत. शनिवारवर जा आणि उजवा बाण दाबा."

बाईंनी बाण दाबला. पंधरा तारखेवरची निळी चौकट कुठेतरी नाहीशी झाली. मग एंटर. '१६ नोव्हेंबर, दिवसभर, वसुमती.'

"मिळाला? त्याने स्वतःचं बुकिंग केलंच नाही?"

"कशाला करेल? दुसऱ्या कुणाला दिसतच नाही म्हटल्यावर! आता काढून टाकू?"

"राहू दे," बाई म्हणाल्या.

बुकिंग ज्याचं, त्यालाच ते रद्द करता येई; हा नियम रघुनंदननेच केलेला. संध्याकाळी बुकिंगचा मेसेज बघून तो घामाघूम होऊन दारात उभा राहिला.

"अक्का, स्वल्प, थोडं समजून घ्या. दीडशे माणसं येणार."

"कधी?"

"उद्या. रविवारी."

"रविवार तर नाहीच ना रे? साइटवर बघ."

"चुकलं माझं. पण तुम्ही हॉलचं करणार तरी काय?"

"बसणार."

"पोरीचा काय दोष, अक्का?"

"माझ्या नणंदेचा काय होता?" म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी दहाला त्यांनी बुकिंग दाखवून वॉचमनकडून किल्ली घेतली, हॉल उघडला, आतून कडी घातली. एका खुर्चीवर यजमानांचा फोटो ठेवला, दुसरीवर स्वतः बसल्या. खाली पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधोमध, भटजींचा आवाज चढत होता. दोनदा कुणी दार वाजवलं. त्या उठल्या नाहीत. सहाला कुलूप लावून घरी आल्या आणि डायरीत, तारीख-वार न घालता, लिहिलं:

"मोरीचा नळ गळतोय. प्लंबर मंगळवारी येईल."